मॅकीच्या वरच्या रांगेतून

नोव्हेंबर लागला की कपाटातला काळा-सोनेरी स्वेटर बाहेर येतो. १९८४च्या जानेवारीत मी मिरजेहून इंडियानातल्या वेस्ट लाफायेटला आले तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होतं. ह्यांचं पर्ड्यू विद्यापीठातलं शेती अभियांत्रिकीचं संशोधन नुकतंच सुरू झालं होतं. ह्यांच्या गाइडना एका सामन्याला जाणं जमेना, म्हणून त्यांनी त्यांची दोन तिकिटं आम्हाला दिली. मॅकी अरीना म्हणजे घुमटासारख्या छपराची गोल इमारत, आत चौदा हजार माणसं आणि कानठळ्या बसवणारा आवाज. बास्केटबॉलचा एकही नियम मला ठाऊक नव्हता. पण कुणाच्या तरी हातून चेंडू निसटला, आणि आमचा एक पोरगा त्यावर लाकडी जमिनीवर सपशेल आडवा पडला. मी उठून उभी राहिले. ती झेप माझ्या ओळखीची होती. खो-खोत खांबाजवळ पळणारीला टिपताना आम्ही तशीच घ्यायचो, फक्त मातीत.

त्या वर्षी जीन कीडी यांच्या संघाकडून कुणाला फारशी आशा नव्हती. तरी बिग टेनचं, म्हणजे आमच्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद आलं, इलिनॉयबरोबर विभागून. मी तेव्हापासून या संघाची आहे.

*

आमच्या शेजारच्या खुर्चीत टिपिकनू काउंटीतले एक म्हातारे शेतकरी बसायचे. मका आणि सोयाबीन पिकवायचे. पेन्सिलीने वहीत प्रत्येक बास्केट मांडायचे. दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात ते मला म्हणाले, "चेंडू सगळेच बघतात. तू बाकाकडे बघत जा."

तेव्हापासून मी बाकाकडे बघते. चूक झाली म्हणून मुलाला बाहेर काढलं, की तो कुठे जाऊन बसतो? कोच त्याच्याशी बोलतो का? बोलला, तर मुलगा मान वर करून ऐकतो की टॉवेलमध्ये तोंड लपवतो? बाकाच्या टोकाला बसलेला बारावा-तेरावा मुलगा टाळ्या वाजवतो, तेव्हा त्या मनापासून असतात का? कोचबद्दल माझं जे काही मत झालं आहे ते सगळं तिथून आलं आहे. गुणफलक त्यानंतर.

*

२३ फेब्रुवारी १९८५. आम्ही विवाहित विद्यार्थ्यांच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत, चार मराठी बिऱ्हाडं मिळून, एका लहानशा टीव्हीसमोर बसलो होतो. सामना ब्लूमिंग्टनला, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांच्या अंगणात, इंडियाना विद्यापीठाच्या असेंब्ली हॉलमध्ये. सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली असतील. पंचांचा निर्णय पटला नाही म्हणून बॉब नाइट भडकले. आमचा स्टीव्ह रीड फ्री थ्रो टाकायला रेषेवर उभा होता. नाइटनी बाकाजवळची लाल खुर्ची उचलली आणि मैदानावर भिरकावली. ती घसरत घसरत रीडच्या समोरून पलीकडे गेली.

आम्ही सगळे हसलो होतो. सामना आम्ही ७२–६३ जिंकला, म्हणून आणखीच हसलो. पुढे कितीतरी वर्षं ती खुर्ची हा इंडियानातला आवडता किस्सा होता. टीव्हीवर परत परत दाखवायचे, लोक पार्टीत नक्कल करायचे.

आज ते हसू मला टोचतं. नाइट थोर डोक्याचे कोच होते, यात वाद नाही. १९७६ला त्यांचा संघ ३२ पैकी ३२ सामने जिंकून विजेता झाला. तसा हंगाम त्यानंतर पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत कुणालाच जमलेला नाही. १९८१ आणि १९८७लाही ते जिंकले. मुलांनी वर्गात बसावं, पदवी घ्यावी हा त्यांचा आग्रह होता. आणि तरी २०००मध्ये ती चित्रफीत बाहेर आली. १९९७च्या सरावात नाइटचा हात एका खेळाडूच्या गळ्याशी गेलेला त्यात दिसतो. विद्यापीठाने आधी ताकीद दिली, सप्टेंबरमध्ये काढून टाकलं. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, कोचच्या बाजूने.

खुर्ची फेकली तेव्हाच आपण सगळ्यांनी, दोन्ही बाजूंच्या लोकांनी, हे चालणार नाही असं म्हणायला हवं होतं. आपण त्याला स्वभाव म्हटलं. जिंकणाऱ्या माणसाच्या रागाला आपण फार लवकर स्वभाव म्हणतो.

*

दरारा वेगळा आणि दहशत वेगळी. मिरजेला आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. तिथल्या वस्तादांचा दरारा असा, की ते रस्त्याने चालले तरी पोरं विडी पाठीमागे लपवायची. पण एखाद्या पोराचा खांदा निखळला, तर रात्री त्याच्या घरी तेल चोळायला वस्ताद स्वतः जायचे. पोरं त्यांना घाबरत नव्हती. त्यांच्या नजरेतून उतरायला घाबरत होती.

*

जॉन वुडनबद्दल लिहायचं तर जरा सावकाश लिहायला हवं.

माणूस मूळचा इथलाच. इंडियानातल्या मार्टिन्सव्हिलच्या शाळेत खेळला, मग पर्ड्यूत, आणि तीन वर्षं ऑल-अमेरिकन ठरला. साउथ बेंडच्या शाळेत त्याने इंग्रजी शिकवलं. पुढे लॉस एंजेलिसच्या यूसीएलएला कोच म्हणून गेला आणि १९६४ ते १९७५ एवढ्या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं आणली. त्यातली सात सलग. एका टप्प्यावर त्याचा संघ ओळीने ८८ सामने जिंकला. आमच्या मॅकी अरीनाचा पहिला सामना १९६७च्या डिसेंबरात झाला तोही त्याच्याच संघाशी. संघात ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. शेवटच्या क्षणाला बास्केट करून ते ७३–७१ जिंकून गेले. १९६९च्या अंतिम सामन्यातही त्याने आपल्याच जुन्या विद्यापीठाला ९२–७२ हरवलं. इथली जुनी माणसं हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसतो. घरचा मुलगा मोठा झाला, असं काहीतरी असतं.

तर वुडनचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा: मोजे कसे घालायचे. देशभरातून निवडून आणलेली सहा-सात फुटी पोरं समोर बसलेली, आणि हा माणूस सांगतोय, मोजा टाचेशी आणि करंगळीशी नीट ओढून घ्या, सुरकुती राहू देऊ नका, मग बुटाची नाडी प्रत्येक भोकातून आवळत या. सुरकुती राहिली की फोड येतो. फोड आला की सराव बुडतो. सराव बुडला की सामना जातो. शिकवणं म्हणजे काय, ते मला इतकं स्वच्छ दुसऱ्या कशात दिसलेलं नाही.

त्याच्या शेवटच्या हंगामात, १९७४–७५ला, रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाच्या वेळी प्रेक्षकांच्या जागेत बसून त्याचं एकेक वाक्य टिपत होते. दोन हजारांहून जास्त नोंदी झाल्या. त्यांना वाटलं होतं स्फूर्तिदायक भाषणं ऐकायला मिळतील. मिळालं ते वेगळंच. जवळपास तीन चतुर्थांश बोलणं म्हणजे निव्वळ माहिती: काय कर, कसं कर, कधी कर. शाबासकी थोडी, रागावणंही तेवढंच थोडं. चूक झाली की तो आधी बरोबर करून दाखवायचा, मग मुलाने कसं केलं ते दाखवायचा, मग पुन्हा बरोबर. काही सेकंदांत संपलं.

त्याच काळात सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत पाठीराखा यूसीएलएच्या खेळाडूंना नियमाबाहेर मदत करत होता, हेही इथे लिहून ठेवते. त्यावरून विद्यापीठाला शिक्षा झाली ती १९८१मध्ये, वुडन निवृत्त झाल्यावर. ज्याला मोज्याची सुरकुती दिसत होती त्याला हे दिसायला हवं होतं, असं मला वाटतं. तरीही मोज्यांचा धडा खोटा ठरत नाही.

*

आमच्या रॉबी हमेलचा गुडघा फेब्रुवारी २०१०मध्ये मिनेसोटात गेला. संघ तेव्हा देशात तिसरा होता. शस्त्रक्रिया, आठ महिने मेहनत, आणि ऑक्टोबरात सरावात तोच गुडघा पुन्हा. त्या हिवाळ्यात तो साध्या कपड्यांत बाकावर बसायचा. टाइमआउट झाला की सगळ्यांच्या आधी उठून मैदानातून येणाऱ्या पोरांना हात द्यायचा. मी त्याचे पुढच्या वर्षीचे, परत आल्यानंतरचे सामनेही पाहिले. पण मला तो आठवतो तो साध्या कपड्यांतला.

*

कॉलेजात आम्हा मुलींना खो-खोचं मैदान संध्याकाळी सव्वासहानंतर मिळायचं, मुलांचं क्रिकेट आटोपल्यावर. हिवाळ्यात तोवर अंधारून यायचं. मैदान आखायला चुना मागितला की जिमखान्याचा शिपाई म्हणायचा, "मुलांच्या सामन्याला ठेवलाय." आम्ही घरून राख आणायचो. आंतरविभागीय सामन्यांना जायचं तर एसटीचं भाडं ज्याचं त्याने द्यायचं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्या काळी कुठल्याही कॉलेजात हेच झालं असतं.

म्हणून पॅट समिट यांची गोष्ट वाचली तेव्हा पुस्तक मांडीवर उपडं ठेवून बसले. १९७४ला, बावीस वर्षांची पोर टेनेसी विद्यापीठाच्या मुलींची कोच झाली. महिन्याला अडीचशे डॉलर. संघाचे कपडे तीच धुवायची, व्हॅन तीच चालवायची. महिलांना खेळात समान संधी देणारा टायटल नाइनचा कायदा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने महिलांची बास्केटबॉल स्पर्धा घ्यायला सुरुवात केली ती १९८२मध्ये. समिट ३८ वर्षं कोच होत्या. १,०९८ विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. आणि मला सगळ्यांत मोठा वाटणारा आकडा: त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. प्रत्येक. त्यांच्या डोळ्यांना डोळा देता येत नसे असं त्यांच्या मुली सांगतात. त्याच मुली, समिटना अल्झायमर झाल्याचं २०११मध्ये कळलं तेव्हा, देशाच्या कानाकोपऱ्यातून त्यांच्याकडे धावल्या. दरारा म्हणते तो हा.

आमच्या पर्ड्यूच्या मुली १९९९ला राष्ट्रीय विजेत्या झाल्या. ड्यूक विद्यापीठावर ६२–४५. कोच कॅरोलिन पेक, पहिल्या श्रेणीची ही स्पर्धा जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला कोच. अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू ठरली युकारी फिग्ज, जी इथे मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होती. माझी लेक तेव्हा बारा वर्षांची. फिग्जचं छायाचित्र तिने अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलं होतं. ते आजही तिथेच आहे, कडा पिवळ्या पडलेल्या.

आणि इतकं सगळं झाल्यावर २०२१. साथीमुळे पुरुषांची सगळी स्पर्धा इंडियानात, महिलांची टेक्सासातल्या सॅन अँटोनिओत. पुरुषांना व्यायामासाठी यंत्रांनी भरलेला हॉल. महिलांना डंबेल्सची एक मांडणी आणि योगासनांच्या सतरंज्या. जागा नव्हती असं कारण दिलं गेलं. ओरेगनच्या संघातल्या सेडोना प्रिन्सने फोन फिरवून रिकामी पडलेली भलीमोठी जागा जगाला दाखवली. तो व्हिडिओ बघताना मला चुन्याची आठवण झाली. चाळीस वर्षं आणि आठ हजार मैल, आणि उत्तर तेच, "मुलांच्या सामन्याला ठेवलाय." 'मार्च मॅडनेस' हे पुरुषांच्या स्पर्धेचं नावसुद्धा महिलांच्या स्पर्धेला २०२२पर्यंत वापरू दिलं जात नव्हतं.

८ एप्रिल २०२४ला आमचे पुरुष अंतिम सामना खेळले. टीव्हीवर तो सुमारे एक कोटी अठ्ठेचाळीस लाख लोकांनी पाहिला. आदल्या दिवशीचा महिलांचा, आयोवाची केटलिन क्लार्क विरुद्ध डॉन स्टेली यांचा साउथ कॅरोलायना संघ, पाहिला सुमारे एक कोटी एकोणनव्वद लाखांनी. असं आधी कधी घडलं नव्हतं. आमचा सामना मागे पडला याचा मला आनंद झाला, आणि तो लपवावासा वाटला नाही.

*

पळताना पाणी पिऊ नये, पोटात दुखतं. हे आम्हाला शिकवलेलं. अमेरिकेतही नेमकं हेच शिकवत. अमेरिकन फुटबॉलचे कोच बेअर ब्रायंट १९५४ला टेक्सास ए अँड एमच्या मुलांना जंक्शन नावाच्या गावी दहा दिवस घेऊन गेले. दुष्काळ, ऊन, कडक जमीन, आणि सरावात पाणी बंद. कितीतरी मुलं रातोरात बसने पळाली. जी टिकली त्यांच्या मर्दुमकीवर पुस्तक निघालं, चित्रपट निघाला. त्या हंगामात तो संघ दहापैकी एकच सामना जिंकला, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

मे २०१८मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर सरावात उन्हाने कोसळला. एकोणीस वर्षांचा होता. उष्माघातात अंगाचा ताप काही मिनिटांत उतरवावा लागतो, त्यासाठी बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टाकीत माणसाला बुडवायचं असतं. ते झालं नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. कोचला ऑक्टोबरअखेर काढलं.

माझा भाचा सांगलीला मुलांची कबड्डीची उन्हाळी शिबिरं घेतो. त्याला मी फोनवर सांगितलं, मोठं टब आणि बर्फाची लादी आधी, शिट्टी नंतर. "मावशी, एवढं कुठं काय होतंय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत फोन केला. तिसऱ्या दिवशी त्याने टबाचा फोटो पाठवला.

*

मी २८ वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर काम केलं. नव्वदच्या दशकातला एक मुलगा आठवतो. नाव लिहिणार नाही. उंचच उंच, काउंटरवर वाकून बोलायचा. शनिवारी चौदा हजार माणसं त्याच्या नावाने ओरडायची, त्याच्या क्रमांकाची जर्सी दुकानात पन्नास डॉलरला विकली जायची. नाताळच्या सुट्टीत ग्रंथालय ओस पडलं तरी तो येऊन बसायचा. विचारलं तर म्हणाला, घरी जायला पैसे नाहीत. मी डब्यातल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी पुढे केली. तो घेईना. नियम आहे, म्हणाला, कुणाकडून काही घेतलं तर खेळता येणार नाही. तो नियम एका डब्याला लागू होता की नाही मला ठाऊक नाही. पण त्या पोराला धाक होता, आणि मी डबा परत घेतला.

म्हणून २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले तेव्हा आमच्या रांगेतली बरीच मंडळी हळहळली, मी नाही. २०२५पासून तर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना वाटा देतात, पहिल्या वर्षी एकेका विद्यापीठामागे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. पैशाने खेळ नासला असं ज्यांना वाटतं त्यांना मी एकच विचारते. टेक्सास ए अँड एमने २०२३मध्ये फुटबॉलच्या कोचला काढलं तेव्हा करारापोटी त्याला साडेसात कोटींहून जास्त डॉलर देणं लागत होतं. काम न करण्याचे. सरकारी विद्यापीठ. तेव्हा खेळ नासला नव्हता का?

काळजी आहे ती वेगळी. हा वाटा बहुतेक सगळा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जाणार. मग कुस्ती, पोहणं, जिम्नॅस्टिक्स, धावणं यांचं काय? अमेरिकेचे कितीतरी ऑलिम्पिक मल्ल कॉलेजांच्या कुस्तीतून आले. गादीला तिकीट विकून पैसा येत नाही म्हणून संघ बंद करायचा, ही गोष्ट मिरज-सांगलीकडच्या माणसाने तरी मुकाट्याने ऐकू नये.

*

ट्रान्सफर पोर्टल. मुलगा दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो. चार वर्षं एकाच मुलाला वाढताना बघायचं सुख आमच्या हातून चाललं आहे, याचं वाईट वाटतं. पण कोच मंगळवारी मुलाच्या आईला शब्द देऊन बुधवारी दुसरीकडे जास्त पगारावर जात होता, आणि मुलाने मात्र जागा बदलली की एक वर्ष बसून काढायचं, तेव्हा आम्ही कुठे बोललो?

*

बिग टेनमध्ये आता १८ विद्यापीठं. लॉस एंजेलिसची मुलगी व्हॉलीबॉलचा सामना खेळायला न्यू जर्सीला जाणार आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसणार. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी एक हंगाम त्या विमानात मागच्या सीटवर बसावं.

*

१७ मार्च २०२३. राष्ट्रीय स्पर्धेत आम्ही पहिले मानांकित, समोर सोळावे फेअरली डिकिन्सन. पहिल्या श्रेणीत सरासरीने सर्वांत बुटका संघ. आमच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. ६३–५८ हरलो. पुरुषांच्या स्पर्धेत असा पराभव त्याआधी फक्त एकदाच घडला होता, २०१८ला व्हर्जिनियाचा.

त्या आठवड्यात लोकांनी मॅट पेंटरबद्दल काय काय म्हटलं, ते लिहीत नाही. पेंटर म्हणजे कीडींचाच विद्यार्थी, १९९३ला इथून खेळून बाहेर पडला, २००५ला कीडींच्या जागी आला. हरल्यावर त्याने पोरांवर ढकललं नाही, पंचांवर नाही, नशिबावरही नाही. आणि पोरं गेली नाहीत. पोर्टल उघडं होतं, बाहेर पैसा होता. ईडी राहिला. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, दोघे पहिल्या वर्षाचे, चेष्टेचा विषय झालेले, राहिले. पुढच्या वर्षी डेट्रॉइटमध्ये टेनेसीविरुद्ध ईडीने ४० गुण केले आणि आम्ही १९८०नंतर पहिल्यांदा अंतिम चारांत गेलो. अंतिम सामना कनेटिकटकडून ७५–६० हरलो. ईडीचे ३७ एकट्याचे, बाकी सगळ्यांचे मिळून २३. कनेटिकट सरस होतं.

मी त्या दोन्ही वर्षी बाक बघत होते. टॉवेलमध्ये तोंड लपवलेला एकही मुलगा मला दिसला नाही.

*

२०१८पासून राज्याराज्यांत खेळांवर पैज लावणं कायदेशीर झालं. आता पोराने शेवटच्या मिनिटाला फ्री थ्रो चुकवला की त्याच्या फोनवर शिव्या येतात, कधी जिवे मारायच्या धमक्या. संघ जिंकलेला असला तरी. कुणाची तरी पैज त्या एका गुणावर होती. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर कॉलेजच्या एकेका खेळाडूवरच्या पैजा बंद करा म्हणून राज्यांच्या मागे लागले आहेत. लवकर व्हावं. ज्याच्या आईने त्याला आत्ता कुठे कपडे धुवायला शिकवून पाठवलं आहे, अशा पोराच्या खिशात परक्या माणसाचा एवढा राग ठेवायचा नसतो.

*

मेमोरियल जिमच्या जुन्या इमारतीला १७ पायऱ्या आहेत. ३१ ऑक्टोबर १९०३ला पर्ड्यूचा फुटबॉल संघ इंडियानाशी खेळायला खास रेल्वेने इंडियानापोलिसला निघाला होता. गाडी कोळशाच्या डब्यांवर आदळली. १७ जण गेले. म्हणून १७ पायऱ्या. नवी मुलं धडाधड चढून जातात, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र मोजत चढते.

टायलर ट्रेंट मला त्या पायऱ्यांवरच आठवतो. इथलाच विद्यार्थी, हाडांचा कर्करोग, आणि फुटबॉलचं जबर वेड. ऑक्टोबर २०१८मध्ये देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेला ओहायो स्टेट इथे येणार होता. हा पोरगा म्हणाला, आपण हरवणार. कुणी मनावर घेतलं नाही. ४९–२० हरवलं. रॉस-एड स्टेडियममध्ये तो स्वतः हजर होता, आणि सामन्यानंतर सगळा संघ त्याच्याभोवती. १ जानेवारी २०१९ला तो गेला, वीस वर्षांचा. आता विद्यार्थी ज्या दारातून स्टेडियममध्ये शिरतात त्याला त्याचं नाव आहे. खेळाडूंची, कोचची नावं इमारतींना असतातच. इथे एका प्रेक्षकाचं नाव दाराला आहे.

*

नात नऊ वर्षांची. गेल्या महिन्यात म्हणाली, आजी, तुझा तो खो-खो दाखव. अंगणात बसायला आठ मुली कुठून आणणार? मी आठ कुंड्या ओळीने मांडल्या, एकाआड एक तोंडं फिरवून. म्हणजे ज्या बाजूला तोंड त्या बाजूला खडूने बाण काढले. दोन्ही टोकांना खांब म्हणून बागेतल्या दोन काठ्या. ती धावली, आणि तिसऱ्या कुंडीशी मध्येच वळली. पाठलाग करणारीला एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय वळता येत नाही. मी ओरडले. हुबेहूब आमच्या सरांसारखा आवाज निघाला, मिरजेच्या मैदानावरचा. ती जागच्या जागी थांबली आणि खाली बघू लागली.

मी चपला काढल्या. ओळीशी जाऊन, गुडघे सांभाळत, खांबापर्यंत पळून दाखवलं. मग तिने कसं केलं ते दाखवलं. मग पुन्हा बरोबर.

"आता तू," म्हटलं.